दांडा की बटण?

जून २०२५ मध्ये 'फ्लॅप' हा शब्द घराघरांत पोचला. १२ जूनला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातली आणि जमिनीवरची मिळून २६० माणसं गेली. त्यांत आपल्याच वयाची, मेसमध्ये जेवायला बसलेली मुलं होती. संध्याकाळपर्यंत आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे निम्मे लोक वैमानिक झाले होते. पंखाभोवती लाल गोल काढलेले व्हिडिओ फिरत होते आणि "फ्लॅप उघडलेच नव्हते" असं छातीठोकपणे सांगितलं जात होतं. महिन्याभराने प्राथमिक तपास अहवाल आला. फ्लॅपचा दांडा ५ अंशांच्या खाचेत, म्हणजे उड्डाणाच्या वेळी जिथे असायला हवा तिथेच सापडला, असं त्यात लिहिलं होतं. प्रश्न निघाला इंधनाच्या स्विचांचा. लाल गोलवाले व्हिडिओ मात्र कुणी मागे घेतले नाहीत.

त्या दिवसांत मला एका गोष्टीचं नवल वाटत होतं. फ्लॅप खाली आहेत की वर, हे आपण बाहेरून, फोनच्या पडद्यावर, धूसर चित्रात शोधत होतो. मग आत बसलेल्या माणसाला ते कसं कळतं? मोठ्या विमानात त्यासाठी संगणक असतात, भोंगे असतात. पण दोन-चार जणांच्या छोट्या विमानात, ज्यात आपल्यातलीच एखादी मुलगी शिकायला बसते, तिथे? याचं उत्तर एकच नाही. काही विमानांत ते हाताला कळतं आणि काही विमानांत काट्याकडे किंवा पंखाकडे बघावं लागतं. माझं म्हणणं या फरकाबद्दल आहे.

साहित्य मंडळाच्या अंकात विमानाचं काय काम, असं विचारणाऱ्यांसाठी आधी थोडं साधं स्पष्टीकरण. पंखाच्या मागच्या कडेला, विमानाच्या धडाजवळ, बिजागरीवर खाली वळणारी फळी असते. तिला फ्लॅप म्हणायचं. ती खाली केली की पंखाचा बाक वाढतो. त्यामुळे कमी वेगातही पंख विमानाला पेलून धरतो, आणि हवेचा अडथळाही वाढतो. म्हणून उतरताना विमान हळू आणि जरा तिरक्या उतारावरून खाली आणता येतं. फ्लॅप नसतील तरी उतरता येतं, पण वेग जास्त ठेवावा लागतो, उतार सपाट होतो, आणि विमान धावपट्टीवर टेकायच्या आधी बराच वेळ तरंगत राहतं. थोडक्यात, जास्त लांब पट्टी लागते आणि जास्त अंदाज लागतो.

आता ही फळी हलवायची कशी? एक रीत पायपर कंपनीच्या चेरोकी जातीच्या विमानांची. दोन खुर्च्यांच्या मध्ये, मोटारीच्या हँडब्रेकसारखा एक लांब दांडा. टोकाला बटण. दांडा वर ओढायचा. पहिल्या खाचेत १० अंश, दुसऱ्या खाचेत २५, तिसऱ्या खाचेत ४०. दांड्यापासून तार आणि साखळी एका आडव्या नळीला जाते आणि ती नळी दोन्ही पंखांचे फ्लॅप एकदम फिरवते. मोटर नाही, फ्यूज नाही. दुसरी रीत आजच्या सेसनाची. समोरच्या फळ्यावर एक छोटी खुंटी, ती १०, २०, ३० वर सरकवायची. उजव्या पंखात बसवलेली विजेची मोटर एक लांब स्क्रू फिरवते आणि फ्लॅप सावकाश खाली येतात. बोटाएवढं काम.

मजा म्हणजे सेसनाही आधी दांड्याचीच होती. १९५६ साली सेसना १७२ बाजारात आली तेव्हा तिच्यातही खुर्च्यांच्या मध्ये दांडा होता. १९६५ च्या मॉडेलपासून मोटर आली आणि पुढच्याच वर्षी धाकट्या सेसना १५० मध्येही. त्या काळी कंपनीला विमान मोटारीइतकं सोपं करून विकायचं होतं. दांडा गेला, पायाशी जागा मोकळी झाली, आणि वडिलांच्या गाडीतून उतरून विमानात बसणाऱ्या गिऱ्हाइकाला बटण ओळखीचं वाटलं. १७२ पुढे जगातलं सगळ्यात जास्त संख्येने बनलेलं विमान ठरलं, ४४ हजारांच्या वर. म्हणजे जगातल्या निदान अर्ध्याअधिक शिकाऊ वैमानिकांची फ्लॅपशी ओळख बटणातूनच झाली असणार. (हा अंदाज माझा, तो ४४ हजारांचा आकडा खरा.)

आपल्याकडे तर दांडा जवळपास दिसतच नाही. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरच्या राष्ट्रीय संस्थेत डायमंड डीए-४० आहेत, त्यांचे फ्लॅप विजेवर. इतर शाळांत सेसना १५२ आणि १७२ दिसतात, टेक्नाम पी-२००८ दिसतं. तेही विजेवर. तापीच्या काठाने खाली गेलं की शिरपूर आणि पुढे धुळे. आपल्या खानदेशात विमान शिकवणाऱ्या शाळा आहेत हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असेल, कोण जाणे. बंगळुरूच्या एनएएल संस्थेने शिकवण्यासाठीच बनवलेलं हंसा-एनजी हे नवं भारतीय विमान ३ सप्टेंबर २०२१ ला पहिल्यांदा उडालं. त्याच्या वैशिष्ट्यांच्या सरकारी यादीत काचेच्या कॉकपिटच्या बरोबरीने 'विजेवर चालणारे फ्लॅप' हेही अभिमानाने लिहिलेलं आहे. म्हणजे पुढच्या पिढीसाठी निवड होऊन गेली आहे. बटण जिंकलं.

मला ती निवड अर्धीच पटते. मी काही विमान चालवत नाही. माझी माहिती पुस्तकांतली आणि आमच्या ताईकडची. ताई म्हणजे मावशीची मुलगी. तिने काही तास अमेरिकेत पायपर आर्चरवर केले, म्हणजे दांड्यावर, आणि बाकीचे महाराष्ट्रातल्या एका शाळेत सेसना १७२ वर. दोन्ही रीती तिच्या हाताखालून गेल्या आहेत. आणि ती शंभर टक्के बटणाच्या बाजूची आहे. आम्ही फोनवर यावर इतक्यांदा भांडलो आहोत, की मावशी म्हणते तुम्ही दोघी लग्नाबद्दल बोललात तरी परवडेल.

ताईचं म्हणणं असं. उतरताना डावा हात स्टिअरिंगवर, उजवा थ्रॉटलवर. दांडा पहिल्या खाचेसाठी पकडायचा तर तो अगदी जमिनीलगत असतो, वाकावं लागतं. ताई उंचीला बेताची. खुर्ची पुढे ओढून बसते, त्यामुळे दांडा तिच्या कोपराच्या मागे जातो. वाकून ओढताना डावा हात नकळत हलतो आणि विमान डुलतं. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. उतरता उतरता बेत रद्द करून पुन्हा वर जायचं असेल तर फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटायचे असतात. घाबरलेल्या शिकाऊ माणसाने दांडा एकदम सोडला तर क्षणात सगळे फ्लॅप मिटतात, पंखाचा आधार एकाएकी जातो आणि विमान खचतं. जमीन जवळ असते. मोटर तसं करू देत नाही. तिला वर जायला काही सेकंद लागतात आणि तेवढे सेकंद माणसाला सावरायला मिळतात. "मोटर माझ्यापेक्षा शांत डोक्याची आहे," ती म्हणते. "तू कविता वाचतेस, मला क्रॉसविंडमध्ये उतरायचं असतं."

हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. दुसऱ्याला तर माझ्याकडे उत्तरच नाही. उतावळ्या हातात दांडा हे बटणापेक्षा जास्त धोक्याचं हत्यार आहे, हे मी मान्य करते.

पण तिच्याच तोंडून आलेली एक गोष्ट मला सोडत नाही. आर्चरवर पहिल्या काही दिवसांत एकदा ती वेग कमी न करताच दांडा ओढायला गेली. दांडा जड लागला. नेहमीसारखा येईना. तिने काट्याकडे पाहिलं, वेग जास्त होता. आधी हाताला कळलं आणि मग डोळ्याला. हे गणितात बसणारं आहे. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० नॉटला फ्लॅपवर जेवढा जोर, त्याच्या दुप्पट ८५ नॉटला. १७२ मध्ये पूर्ण फ्लॅपसाठी ८५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १५७ किलोमीटर ही मर्यादा आहे. वेगाच्या तबकडीवर पांढरी कमान काढलेली असते, तिच्या बाहेर पूर्ण फ्लॅप उघडायचे नाहीत. दांड्याच्या विमानात ती पांढरी कमान तुमच्या दंडातही असते. बटणाच्या विमानात ती फक्त तबकडीवर असते. तुम्ही पाहिली तर आहे. खुंटीला ८५ काय आणि ११० काय, ती तेवढीच हलकी सरकते. मोटर बिचारी सांगितलं ते करायला लागते.

म्हणजे दांडा नुसता फ्लॅप हलवत नाही, तो उलट निरोपही आणतो. बटण फक्त हुकूम नेतं.

आपल्या भाषेला हा फरक फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हात बसणं, हातोटी, हातखंडा, हाताला वळण असणं. स्वयंपाकाची चवसुद्धा आपण हाताला असते म्हणतो, कढईला नाही. 'बोट बसलं' असं कुणी म्हणत नाही. आमच्या चर्चमध्ये घंटेचा दोर ओढणारे काका सांगायचे, की लोलक घंटेला नीट लागला का हे आवाज यायच्या आधी दोराच्या झटक्यातून समजतं. हल्ली पुष्कळ ठिकाणी वेळ लावलेला भोंगा असतो. तो वाजतो, पण वाजवणाऱ्याला काही सांगत नाही.

तरीही बुऱ्हाणपुरात राहून हाताचे फार गोडवे गाऊ नयेत. हे गाव पॉवरलूमवर जगतं. गल्लीत शिरलं की खटखट ऐकू येते आणि वीज गेली की शांतता. हातमागावर ज्याच्या आजोबांचे गुडघे गेले, त्याच्यासमोर 'हाताची कला' म्हणून बघा, तो तुम्हाला चहा पाजून हसेल. मोटर आली म्हणून पोट भरलं, हे इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पण त्याच गल्लीतला कारागीर लूमच्या आवाजात बारीक बदल झाला की मान वळवतो. बटण त्याचं आहे, तरी कान त्याने मोटरला दिलेला नाही. विमानाच्या शाळेतही मला एवढंच हवं आहे. मोटर राहू द्या, पण शिकणाऱ्याचं अंग तिच्या भरवशावर झोपी जाऊ देऊ नका.

एक युक्तिवाद मात्र मला अजिबात चालत नाही. तो म्हणजे 'दांडा बायकांना जड पडतो, बटणामुळे मुलींची सोय झाली'. हे मी एका मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलं आहे, फार मायेने म्हटलेलं. भारतात सुमारे १५ टक्के वैमानिक स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. त्यांची सोय कुणी बटण लावून केलेली नाही. ताईची अडचण हात पोचण्याची आहे, ताकदीची नाही. पोचण्याची अडचण खुर्चीत उशी घालूनही सुटते. योग्य वेगाला दांडा ओढायला फार जोर लागत नाही, आणि जड लागला तर चूक वेगाची असते, मुलीची नसते. जात्यावर दळण दळलेल्या आजीच्या नातीला हँडब्रेक ओढता येणार नाही म्हणता?

थोडं मागे जाऊ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. ते आपल्या देशातल्या विमानसेवेचं पहिलं पान. ते विमान पस मॉथ होतं. त्याला फ्लॅप नव्हतेच. चाकांच्या पायांवर जे निमुळते झाकण असे, ते वैमानिक आतून दांड्याने ९० अंशांत फिरवी. मग ते झाकण हवेला आडवं येई आणि विमान मंदावे. त्याने पंखाचा आधार वाढत नसे, नुसता अडथळा वाढे, म्हणून त्याला फ्लॅप म्हणता येत नाही, हवेचा ब्रेक म्हणा. पण दांडा फिरला म्हणजे झाकण फिरलं, मध्ये दुसरं कुणी नाही. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, ७८ वर्षांच्या जेआरडींनी तोच कराची-मुंबई प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. त्यातही चाकांच्या पायांची तीच सोय होती. मला हे आवडतं, पण यावरून 'जुनं ते सोनं' असं मी म्हणणार नाही. त्या काळच्या विमानांत माणसंही पुष्कळ मेली.

आता आपल्या भागाचा प्रश्न, ज्यामुळे मला हे लिहावंसं वाटलं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ ला टेकतो. तापलेली हवा विरळ होते. पंखाला कमी हवा मिळते, पंख्याला कमी मिळते, इंजिनालाही कमी मिळते. जळगावची जमीन समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. पण ४५ अंशांत तिथे उभं असलेलं विमान जणू १४०० मीटरवर असल्यासारखं वागतं. म्हणजे महाबळेश्वराच्या उंचीवर, आणि तेही थंडीशिवाय! अशा दुपारी फ्लॅप पूर्ण उघडून उतरताना पट्टीवर कुत्रं आलं आणि पुन्हा वर जायचं झालं, तर फ्लॅप मिटणं ही जिवाची गोष्ट होते. जुन्या १५० ला आणि १७२ ला फ्लॅप ४० अंशांपर्यंत जायचे. तेवढे उघडे असताना छोट्या इंजिनाला वर चढणं फार कठीण. १५२ मध्ये आणि १९८१ च्या मॉडेलपासून १७२ मध्ये कंपनीने ते ३० वरच थांबवले, हे शहाणपणाचं झालं. पण तरी मोटर ३० वर अडकली, तर दंड वापरून ते मिटता येत नाहीत. बटण पुन्हा पुन्हा दाबायचं, ब्रेकर बघायचा, आणि हे करता करता विमानही उडवायचं.

फ्लॅप उघडलेच नाहीत तर बहुधा काही बिघडत नाही. गोंदियाची पट्टी दोन किलोमीटरहून लांब आहे, १७२ तिथे फ्लॅपशिवाय निवांत उतरेल. बिघडतं ते शिकलेल्याचा आणि शिकलेल्या गोष्टीचा संबंध तुटलेला असेल तेव्हा. ताईच्या बाबतीत असं एकदा झालं. मोटर बंद पडली, खुंटी २० वर, फ्लॅप शून्यावर. काट्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. विमान नेहमीसारखं मंदावत नाही, नाक वेगळंच दिसतंय, एवढंच तिला जाणवत राहिलं. शेजारच्या इन्स्ट्रक्टरने फक्त "पंखाकडे बघ" म्हटलं. तिने मान वळवली आणि तिला कळलं. पुढे सगळं व्यवस्थित झालं. ही गोष्ट ती 'काही झालं नाही' म्हणून सांगते. मी ती दुसऱ्या कारणासाठी ऐकते. दांडा असता तर मान वळवायच्या आधीच तिच्या हाताला माहीत असतं.

१६ जुलै २०२१ ला चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ एक शिकाऊ विमान कोसळलं. इन्स्ट्रक्टर जागीच गेले, शिकणारी मुलगी वाचली. त्या अपघाताचा मी फ्लॅपशी काही संबंध जोडत नाही, जोडूही नये. अहमदाबादच्या वेळी तसं जोडण्याचा काय तमाशा झाला ते आपण पाहिलं. पण चोपडा इथून फार लांब नाही, आणि ती मुलगी आपल्या कुणाच्याही बाकावर बसलेली असू शकली असती. शिकाऊ विमान म्हणजे लांबच्या श्रीमंतांचा खेळ, हा समज त्या दिवशी माझ्यापुरता संपला.

म्हणून माझी मागणी दांडा परत आणा अशी नाही. सगळ्या शाळांनी पायपर विकत घ्यावीत असंही नाही, ते कुणी करणार नाही. मागणी अशी, की ज्या विमानात बटण आहे तिथे फ्लॅपशिवाय उतरण्याचा सराव एक-दोनदा करून वहीत टिक मारण्यापुरता नसावा. इन्स्ट्रक्टरने अधूनमधून, न सांगता, शेवटच्या वळणावर म्हणावं, "फ्लॅप गेले." सकाळच्या गार हवेत म्हणावं आणि तापलेल्या दुपारीही म्हणावं. खुंटी सरकवल्यावर मान वळवून पंख बघण्याची सवय पहिल्या तासापासून लागावी. बटणातून निरोप येत नसेल तर डोळ्यांनी तो आणायला शिकवावं. आणि हंसासारखं नवं विमान आपण स्वतः बनवतो आहोत, तर वेग जास्त असताना खुंटी जरा जड लागेल, अशी काही सोय त्यात करता येईल का, हे इंजिनिअरांनी बघावं. मोठ्या विमानांच्या स्टिअरिंगमध्ये हाताला खोटा जोर जाणवून देण्याची युक्ती अनेक वर्षं वापरात आहे. मग शिकाऊ विमानाच्या फ्लॅपलाच का नको?

ताईला हे सगळं मी वाचून दाखवलं. खुंटीची कल्पना तिला बरी वाटली. सरावाबद्दल मात्र तिने लगेच हिशोब मांडला. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात, प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात, आणि तिचं कर्ज अजून फिटायचं आहे. "तुझ्या प्रत्येक जादा फेरीचं बिल मावशीला पाठवते," म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते पैशांचं आहे आणि शाळांनी द्यायचं आहे: त्या फेऱ्या फीमध्येच धरा.

मग ती म्हणाली, हल्ली ती खुंटी सरकवली की पंखाकडे बघते. प्रत्येक वेळी.